फेस आला की काम झालं

विज्ञानाला खरा जिज्ञासू शतकातून एखादाच लाभतो. आमच्या कामथडीला तो लाभला आणि दुर्दैवाने माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

तात्या एसटीत कंट्रोलर होते. निवृत्तीनंतर गाड्या थांबल्या, घोषणा थांबल्या नाहीत. जखम धुवायचं पेरॉक्साईड आणि खायचा सोडा एकत्र केला की डाग आणि वास जातात, असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं. तेव्हापासून ते रोज सकाळी बादली घेऊन माझ्या दारात. "मास्तर, फेस आला की काम झालं!"

फेस कढईवर आला, मोरीत आला, माझ्या बुटांत आला. कापलेल्या बटाट्यावर नुसतं पेरॉक्साईड टाकलं, तरी आला.

"बटाटा जित्ता हाय मास्तर, आन् तुमी उकडून खाता!"

मी समजावलं, की रक्तात असतं तसं एक द्रव्य बटाट्यातही असतं. ते पेरॉक्साईड फोडतं आणि प्राणवायू सुटतो.

"म्हंजी मी काय येगळं बोललो?"

मिश्रण कोंडून ठेवू नका, वायू झाकण उडवतो, हेही बजावलं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट पिळून ती मलाच भेट दिली. फडताळात फुटली. पोह्यांचा डबा धुण्यात आमच्या घरचा रविवार गेला. पुढे दात पांढरे करायचा प्रयोग रोज सुरू झाला, अर्थात माझ्यावर. दात होते तसेच राहिले, मिशांची मात्र आग झाली आणि त्या तांबूस झाल्या.

सगळ्या आळीत वास मारणारा प्राणी एकच होता, तात्यांचा म्हातारा काळा कुत्रा वाघ्या. काकू गेल्यापासून तात्यांच्या घोषणा बसून ऐकणारा घरात तोच. पण कातडीच्या दुखण्याने त्याला दर्प सुटला होता. त्यांच्या सूनबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "वास गेला न्हाई, तर सोमवारच्या टेम्पोनं पासलीला मामांच्या गोठ्यावर." आणि हे महाशय माझे बूट धूत बसलेले.

शनिवारी माझा संयम सुटला. "तात्या, गाव धुतलंत. कुत्र्याला कधी धुणार?"

ते बादलीत सोडा ढवळत राहिले. घोषणेचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मिश्यांची आग हुतीया का अजून?"

"नाही. तुम्ही पाणी वाढवल्यापासून नाही."

"मग बेताचं झालं. तुमी वरडता, मास्तर. त्याला सांगता यायचं न्हाई."

दुपारी अंगणात त्यांनी वाघ्याला न्हाऊ घातलं, डोळ्यांवर स्वतःचा तळहात धरून. फेस आला. तात्यांनी तो हलक्या हाताने धुऊन काढला.

सोमवारी सूनबाईंनी वाकून वास घेतला, पुन्हा एकदा घेतला आणि टेम्पोवाल्याला जा म्हणून सांगितलं.

आता वाघ्याची पाठ आणि माझ्या मिशा एकाच रंगाच्या आहेत.