दौलतरावांच्या गुडघ्याचा पुरावा

"आता अपील परत येतंय कसं, तेच बघतो," असं रिटायर्ड हवालदार दौलतरावांनी अख्ख्या कात्रप गावाला सांगून टाकलं. साल अठ्ठ्याऐंशी. मोडक्या गुडघ्याच्या पेन्शनचं अपील तोवर दोनदा परत आलेलं, आणि दोन्ही वेळा शेरा एकच: आणखी वैद्यकीय पुरावा जोडावा.

पेन्शनचं राहू द्या. दौलतरावांना कागदावर एकच ओळ हवी होती, की गुडघा फौजेत असताना मोडला. कारण कात्रपात बोललं जायचं, की सुट्टीवर आले असताना हवालदार ताडावर चढले आणि धपकन खाली आले. हे त्यांना फार लागायचं. खरं तर बर्फातल्या चौकीवर रसद वाहताना ते घसरले होते. तिथल्या कंपाउंडरने आयोडीन लावलं, पण नोंद राहून गेली. बिचाऱ्याची शाईच गोठली होती.

या खेपेला त्यांनी उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरांचं पक्कं सर्टिफिकेट आणलं: काठीशिवाय उभं राहता येत नाही. डॉक्टरांनी वर बजावलं, "साईं, वहाँ लंगडाके चलना. फौजी अकड घर पे रखना." लष्करी दवाखान्यात तपासणीला जाताना त्यांच्या बायकोने, बनूबाईंनी, वाटेत तेच तीनदा सांगितलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाक होतं आणि वर पंखा संथ घरघरत होता. दौलतरावांचे डोळे जड झाले. वारा हळूहळू गार होत गेला. समोरची चुन्याची भिंत पांढरी होत होत डोंगरच झाली. आवाज न करता बर्फ पडत होतं. पंचविशीतले दौलतराव पाठीवर रसद घेऊन चालले होते, दोन्ही गुडघे शाबूत, आणि खाली कुठेतरी कुणी चहा उकळत होतं. इतकं बरं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

"हवालदार दौलतराव!" आतून हाक आली.

दौलतराव उठले. काठी बाकापाशीच राहिली. ताठ मानेने झपाझप आत जाऊन त्यांनी कर्नलसाहेबांसमोर तोच दुखरा पाय असा आपटला, की टेबलावरचा ग्लास हलला. मग कडक सलाम. मग कडकन आवाज. आणि मग जाग आली.

तीन वॉर्डबॉयनी त्यांना उचलून एक्स-रेला नेलं. प्लास्टर चढलं. कर्नलसाहेब भला माणूस. त्यांनी तारीख, वेळ, जागा घालून सगळं स्वतः लिहिलं आणि खाली सही केली. एवढा भक्कम पुरावा आजवर कुणी जोडला नसेल, या खुशीत दौलतराव घरी आले.

तीन महिन्यांनी निकाल आला. गुडघा मोडल्याचं पूर्णपणे मान्य. मात्र तो मोडला त्या दिवशी अर्जदार फौजेच्या सेवेत नव्हता.

बनूबाईंनी निकालाच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "एवढं बजावलं होतं तुम्हाला. सलाम कशाला ठोकलात?"

"अगं," दौलतराव खाली बघत म्हणाले, "साहेब समोर होते ना."