मिसेस लियांगांचा हाओ पास आउट होतो

लॉकडाउन सुरू झाल्यापासून मेधाला एका जागी बसवत नव्हतं. ऑफिसची ऑनलाइन मीटिंग संपली, की तिच्या हॉल ते परसदार अशा फेऱ्या सुरू व्हायच्या. शेवटी तिनं कुंपणापलीकडच्या मिसेस लियांगना इंग्रजी शिकवायला घेतलं. या बाई चीनहून मुलाला, हाओला, भेटायला आल्या आणि विमानं बंद झाल्यानं इथं ऑस्ट्रेलियात, क्लेटनमध्येच अडकल्या.

"मुलगा युनी, युनिव्हर्सिटी, फिनिश. कसं सांगायचं?" त्यांनी एकदा मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

"सोप्पं आहे. माय सन पास्ड आउट!" मेधा तोऱ्यात म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात हाओचा शेवटचा निकाल लागला. बातमी कुणाला सांगू नि कुणाला नको, असं मिसेस लियांगना झालं. पण घराबाहेर जायची सोय नव्हती. त्यांनी घरमालकीण शेरिलला फोन लावला.

"माय सन पास्ड आउट! कम्प्युटरसमोर! आत्ता!"

"अरे देवा! पूर्वी कधी झालं होतं असं?"

"नो, फर्स्ट टाइम! किती वर्षं वाट बघितली!"

"तुम्ही ठीक आहात ना?"

"आय ॲम क्रायिंग!"

शेरिलनं तडक ॲम्ब्युलन्स बोलावली.

"अगं, लियांगांकडे गाऊन, मास्क घातलेली माणसं शिरली!" मेधाचा नवरा चंद्रहास खिडकीतून बघत ओरडला. "काल त्यांनी दिलेले डंपलिंग तू खाल्लेस ना?"

"मी दोनच. उरलेले कुणी फस्त केले?"

चंद्रहास पांढराफटक पडला आणि वाफेचं भांडं घेऊन बेडरूममध्ये शिरला. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मेधा कुंपणाशी धावली.

पलीकडे हाओला दोघांनी खुर्चीत दाबून बसवलं होतं. त्याच्या तोंडात केक होता.

"आय ॲम फाइन!"

"सगळे असंच म्हणतात, मेट. हात दे, बीपी बघतो."

"पास्ड आउट! युनी! फिनिश!" मिसेस लियांग रडकुंडीला आल्या होत्या. "टीचरनं शिकवलं!" त्यांनी कुंपणाकडे बोट दाखवलं. सगळे मास्क एकदम मेधाकडे वळले.

उलगडा झाल्यावर ती माणसं पोट धरून हसली, हाओला "कॉन्ग्रॅट्स" म्हणाली आणि गेली. मेधा मान खाली घालून घरात आली.

"काय निघालं?" बंद दारामागून चंद्रहासनं विचारलं.

"निकाल. इथं पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं म्हणे."

"काहीतरीच! आपण सगळे जन्मभर तेच म्हणत आलोय."

"तेच तर!" मेधाला एकाएकी आठवलं. इथल्या पहिल्याच इंटरव्ह्यूत तिनं छाती पुढे काढून सांगितलं होतं, 'आय पास्ड आउट इन फर्स्ट क्लास.' त्यावर मॅनेजरनं घाईघाईनं खिडकी उघडली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच विचारलं, 'आता बरं वाटतंय ना?'

ऑस्ट्रेलियन माणूस किती मायाळू, हे तिनं त्याच दिवशी सगळ्या पुण्याला फोन करून सांगितलं होतं.