सासूचं काम

शिट्टीबाईंना सोशिक आईचं काम काही केल्या जमेना.

नात सकाळपासून त्यांच्या मागे लागली होती. कॉलेजात तिला एक प्रकल्प द्यायचा होता. कथा-कादंबऱ्यांत, मालिकांत, जाहिरातींत बायका कशा ठरावीक साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, असा काहीसा विषय होता. सोशिक आई, दुष्ट सासू, मुकी सून, आगाऊ मैत्रीण. नुसतं लिहून भागणार नव्हतं; एकेका साच्याचा छोटा प्रसंग स्वतः बसवून फोनवर चित्रित करायचा होता. नटमंडळी घरातलीच. पण ‘बाळा, तू जेव, मी मागाहून जेवते’ हे वाक्य आजीच्या तोंडून बाहेर पडलं, की अख्ख्या वर्गाला ‘विश्राम’ म्हटल्यासारखं वाटायचं.

त्यांचा तरी काय दोष? जन्मभर त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती, तीही उघड्या मैदानावर, वारा तोंडावर घेत. मुलींनी ठेवलेलं शिट्टीबाई हे नाव निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आलं आणि आवाज मैदानाच्या मापाचा राहिला तो राहिलाच. आईंना फोन कशाला लागतो, खिडकी उघडली तरी पुरे, असं सून त्यांच्या तोंडावर म्हणायची आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं त्याच हसायच्या.

“तू सासू हो,” शेवटी नात म्हणाली. “ते तुला जमेल.”

जमेल म्हणजे काय, शिट्टीबाई त्यात पार रमल्याच. प्रसंग सोपा होता. सासू खुर्चीत बसलेली. सून चहाचा ट्रे घेऊन येते. सासू घोट घेते, कप आपटते आणि म्हणते, “या घरात माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचं नाही. समजलं?” सून खाली मान घालून म्हणते, “चुकलं माझं, आई.” संपलं. पण सुनेला हसू आवरेना. कप आपटला की तिचे खांदे हलायचे, खांद्यांपाठोपाठ ट्रे वाजायचा आणि ट्रे वाजला की सासूचं अवसान गळायचं. नातीनं दोघींना पुष्कळ दम दिला. मधे भांडी घासायची होती, कपडे वाळत घालायचे होते, ते सगळं आटोपून सून पुन्हा ट्रे घेऊन आली तेव्हा कुठे एकदा न हसता प्रसंग पार पडला. नातीनं आजीला मिठी मारली. शिट्टीबाई दिवसभर आरशासमोरून जाताना एक भुवई वर करून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी नात कॉलेजात गेली आणि ग्रंथालयात शिरण्यापूर्वी तिनं तो तुकडा प्रकल्पातल्या मैत्रिणींना पाठवला. म्हणजे पाठवला असं तिला वाटलं. मैत्रिणींच्या गटाचं नाव होतं ‘घरोघरी’ आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या गटाचं नाव होतं ‘आपलं घर’. ग्रंथालयात फोन बंद ठेवायचा नियम होता. तिनं तो पाळला.

पहिला फोन शिट्टीबाईंच्या धाकट्या बहिणीचा आला. तिनं काय झालं, कसं झालं, असं काहीच विचारलं नाही. तुझी जीभ तिखट आहे हे मी पहिल्यापासून सांगत आले, पण निदान कुणी फोन रोखून उभं असताना तरी आवरायचीस, एवढंच ती म्हणाली. शिट्टीबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, अगं, ते नाटक होतं. त्यावर बहिणीनं, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात, विश्रांती घ्यायला सांगितलं.

त्या फोन ठेवतात तोच मुलाचा आला. तो यंत्रं बसवायच्या कामावर लांब कुठेतरी होता. मागे हातोड्यांचे आवाज येत होते. मुलाला तरी समजेल म्हणून शिट्टीबाईंनी त्याला सगळं नीट सांगायला घेतलं. हातोड्यांमुळे त्यांना आवाज चढवावा लागला. त्या जसजशा चढ्या आवाजात आपण ओरडत नसल्याचं सांगू लागल्या, तसतसा मुलगा हळू बोलू लागला.

“आई, तू आधी शांत हो,” तो म्हणाला. “तिला एकदा सॉरी म्हण. मग आपण बघू.”

फोन ठेवल्यावर शिट्टीबाई बराच वेळ खुर्चीत बसून राहिल्या. बहिणीचं त्यांना विशेष वाटलं नव्हतं. तिला मालिकांचा नाद होता. पण मुलगा याच घरात वाढला होता. सून घरात आल्यापासून तिला आपण वावगा शब्द बोललो नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. इतकी वर्षं पाहिलेलं एका बाजूला आणि ओंजळभर चित्रफीत दुसऱ्या बाजूला. आणि त्याला क्षणभरही शंका येऊ नये? त्यांनी सुनेला फोन लावला. ती दुकानात चष्म्यांच्या काचा बसवायचं काम करायची आणि यंत्रावर बसली की फोन उचलत नसे.

इतक्यात दारावरची बेल वाजली. दारात सुनेचा धाकटा भाऊ उभा होता. घरात त्याला सगळे वकीलमामा म्हणत. तो वकील नव्हता, पाण्याचे पंप विकायचा. पण पंपाबद्दलसुद्धा तो दोन्ही बाजू मांडून बोलायचा. आज त्याच्या हातात एक मोठी बॅग होती. ती रिकामी आहे हे उचलण्यावरूनच दिसत होतं.

“ताईचे कपडे न्यायला आलोय,” तो म्हणाला.

शिट्टीबाईंनी त्याला बसवलं आणि चहा टाकू का विचारलं. चहा हा शब्द ऐकताच त्यानं मान फिरवली. मग त्यांनी आवाज जमेल तितका खाली आणून त्याला प्रकल्पाबद्दल सांगितलं. साचे, सोशिक आई, आगाऊ मैत्रीण, सगळं. तो शांतपणे ऐकत होता, पण साक्षीदाराचं ऐकतात तसा.

“मावशी, तुम्ही मला मोठ्या आहात,” तो शेवटी म्हणाला. “पण ते नाटक नव्हतं. असं नाटक कुणाला करता येत नाही.”

हे ऐकून शिट्टीबाईंना राग यायला हवा होता. तो आलाही, पण त्याच्या आधी, लपवून काय उपयोग, त्यांना जरा बरं वाटलं. आपण इतकं चांगलं काम केलं? आणि मग त्यांना एक कल्पना सुचली, जी दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यांना सुचली नसती. त्या उठल्या, टेबलावरचा कप घेतला, खुर्चीत बसल्या, म्हणाल्या, “आता बघा हं, मुद्दाम करून दाखवते,” आणि भुवई वर करून त्यांनी कप आपटला.

“या घरात माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकायचं नाही. समजलं?”

वकीलमामा बॅग छातीशी धरून दारापर्यंत मागे सरकला. कपाचा कान तुटून जमिनीवर पडला होता. शिट्टीबाई प्रसन्न चेहऱ्यानं त्याच्याकडे पाहत होत्या, आता तरी पटलं ना, अशा अर्थानं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की बॅगेच्या वरच्या कडेवरून त्याच्या फोनचा डोळा आपल्याकडे बघतोय.

दुसरी चित्रफीत ‘आपलं घर’वर गेली. तिच्याखाली वकीलमामानं फक्त ‘आत्ता, माझ्यासमोर’ असं लिहिलं. बहिणीचा पुन्हा फोन आला, तो शिट्टीबाईंनी घेतला नाही. मुलगा मिळेल त्या गाडीनं निघत असल्याचा निरोप आला. खालच्या मजल्यावरच्या बाई सहज म्हणून वर येऊन, काही लागलं तर सांगा, असं वकीलमामाला सांगून गेल्या.

संध्याकाळी सून घरी आली ती दारातून हसतच. दुकानात भावाचे इतके फोन गेले होते, की मालकानंच तिला लवकर सोडलं होतं. तिनं चपला काढल्या, भावाच्या हातातली बॅग पाहिली, कपाचा कान पाहिला आणि ती भिंतीला टेकून पोट धरून हसू लागली. वकीलमामा तिच्याकडे करुणेनं पाहत होता. भीतीनं माणसाचं असं होतं, असं त्यानं हळूच सांगितलं. सून म्हणाली, अरे, आमचं अगदी छान चाललंय. तो म्हणाला, असंच म्हणतात. ती चिडली, तेव्हा त्याला वाटलं, आता दडपलेलं बाहेर येतंय. ती गप्प झाली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

शिट्टीबाई हे बघत होत्या आणि त्यांना नातीचा प्रकल्प पहिल्यांदा नीट कळत होता. एकदा का साचा मांडला, की त्यात काहीही ओता, मूर्ती तीच निघते.

नात आली तेव्हा घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. फोन सुरू करताच तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि ती धावतच आली होती. तिनं मामाला समजावलं. तुला शिकवून ठेवलंय, असं मामा म्हणाला. मग तिनं वाद घातला नाही. मामाला खुर्चीत बसवलं, त्याच्या हातात आपला फोन दिला आणि कालचे सगळे फसलेले प्रसंग एकापुढे एक लावले.

मामा बघत राहिला. ट्रे वाजत होता. ताई हसत होती. मावशींची भुवई वर चढत होती आणि घसरत होती. एकदा तर सासूनंच सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून हसून हसून डोळे पुसले होते. मामाच्या चेहऱ्यावरचा वकील हळूहळू उतरला आणि आतला पंपवाला दिसू लागला. त्यानं गटावर काहीतरी लिहिलं, ते पुसलं, पुन्हा लिहिलं. मग शिट्टीबाईंच्या मुलाला फोन करून निघू नकोस म्हणून सांगितलं. शिट्टीबाईंनी त्याला माफ केलं, मुलाला मात्र घरी आल्यावर बघू, असं त्यांनी ठरवलं.

शेवटचा, जमलेला प्रसंग अजून फोनवर चालूच होता. सगळ्यांनी तो पाहिलेला होता, म्हणून कोणी बघत नव्हतं. शिट्टीबाई फक्त ऐकत होत्या. कप आपटला. त्यांचं वाक्य झालं. मग सुनेचा आवाज आला.

“मी दमलेय हो, आई. एकदा कुणीतरी मला बस म्हणा.”

“हे तुझ्या कागदावर होतं?” शिट्टीबाईंनी नातीला विचारलं.

“नाही. आईनं आपलंच घातलं. मला आवडलं, म्हणून ठेवलं.”

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती खाली वाकून कपाचा कान शोधत होती, जो तिच्या हातातच होता. “सुचलं तेव्हा,” ती म्हणाली. “भांडी घासून आले होते ना. काही नाही हो ते.”

काल तेच वाक्य शिट्टीबाईंपासून हाताच्या अंतरावर बोललं गेलं होतं आणि भुवई सांभाळण्याच्या नादात त्यांना ते ऐकूही आलं नव्हतं. आपण कधी टोचून बोललो नाही, कधी हिशेब मागितला नाही, कधी माहेरचं काढलं नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. मालिकेतल्या त्या सासूशी स्वतःला ताडून पाहायचं आणि आपण किती चांगल्या असं म्हणून निवांत झोपायचं, हे त्या कित्येक वर्षं करत आल्या होत्या. त्या बाईच्या शेजारी उभं राहिलं, की कोणीही चांगलंच दिसतं. बस म्हणायचं मात्र राहूनच गेलं होतं. आत्तासुद्धा सून आल्यापासून उभीच होती, पर्स खांद्याला तशीच.

“बस,” त्या म्हणाल्या.

“बसते हो. आधी कुकर...”

“बस म्हटलं ना.”

सून खुर्चीच्या कडेवर बसली, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसतात तशी. शिट्टीबाई स्वयंपाकघरात गेल्या. रात्रीचं जेवण त्यांनी एकटीनं कधी केलं होतं, ते आठवेना. ओटा ओळखीचा होता, पण त्यावरच्या वस्तू आता सुनेच्या हाताच्या सवयीनं मांडलेल्या होत्या. त्यांनी आतून विचारलं, मोठं पातेलं कुठेय? बाहेरून उत्तर आलं. चाकू कुठेय? त्याचंही आलं. झाकण? सून उठायला लागली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उठायचं नाही, असं शिट्टीबाईंनी आतून बजावलं. मग सून बसल्या बसल्याच सांगू लागली. आधी कडेवर बसून, मग मागे टेकून, आणि थोड्या वेळानं आवाजावरून तरी पाय लांब करून.

“ते नव्हे हो, आई. त्याच्या मागचं. अहो, मागचं म्हणजे मागचं. आणि गॅस बारीक करा, करपेल. केला का? इथून वास येतोय. किती वेळा सांगायचं?”

शिट्टीबाईंनी गॅस बारीक केला आणि चूकही कबूल केली. पातेल्याच्या वाफेत त्या क्षणभर थांबल्या, कारण बाहेर वकीलमामा अगदी हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता. त्यांनी कान दिला.

“ताई, जरा सांभाळून बोल गं,” तो बहिणीला म्हणत होता. “त्यांचं आता वय झालंय.”