पट्टीवरचा लेप आणि नानासाहेबांची समिती

जंतू हा स्वभावतःच बेशिस्त प्राणी आहे. तो गेटवर पास दाखवत नाही, शिफ्ट पाळत नाही आणि सुटीच्या दिवशीही कामावर असतो. म्हणून त्याच्याशी नियमानुसारच लढलं पाहिजे, असं पिंपरीतल्या आमच्या कामगार रुग्णालयाचे अधीक्षक नानासाहेब यांचं ठाम मत होतं.

१९७६ साली भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या भीमराज नावाच्या टर्नरच्या मांडीवर गर्डर पडला. मोडलेलं हाड जुळवायला आत पोलादी पट्टी बसवली. तिच्यावर जंतूंनी ठाण मांडलं, जखमेत पू झाला, पट्टी काढावी लागली. पुन्हा तसंच झालं तर पाय कापावा लागेल, असं आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. नवी पट्टी बसवण्याआधी तिच्यावर प्रतिजैविकाचा लेप द्यावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. (हे औषध पिंपरीतच तयार होत होतं. हा मुद्दा गैरलागू ठरला.)

औषध भांडार म्हणालं, पट्टी हे लोखंड आहे. लोखंड भांडार म्हणालं, लेप हे औषध आहे. नानासाहेबांनी तत्परतेनं सात जणांची समिती नेमली. नऊ बैठका झाल्या, पैकी चार लेपाच्या रंगावर. सत्तावन्न टक्के सदस्य (म्हणजे चौघे) पिवळ्याच्या बाजूचे होते. तोवर भीमराज पायाला वजन बांधून पडून होता.

त्याची बायको गिरजाबाई एक दिवस सरळ बैठकीत आली.

"साहेब, पट्टी लोखंडात, लेप औषधात. आमच्या मालकांचा पाय कशात धरलाय?"

नानासाहेबांनी प्रश्न लिहून घेतला. "पुढच्या बैठकीत घेऊ, बाई."

"तवर पाय न्हाई थांबायचा."

दहावी बैठक चहापर्यंत आली असताना डॉक्टरबाईंनी खालच्या मजल्यावर पट्टीला लेप दिला आणि ती बसवून टाकली. या खेपेला जखम कोरडी राहिली. सहाव्या महिन्यात भीमराज काठी ठेवून लेथसमोर उभा राहिला.

डॉक्टरबाईंना मेमो मिळाला आणि लांबच्या तालुक्याला बदली. समितीनं अहवालात नोंदवलं, 'जंतू आढळले नाहीत. यावरून समितीचा धाक सिद्ध होतो.' नानासाहेबांचा जाहीर सत्कार झाला. टाळ्या थांबल्यावर गिरजाबाईनं शेजारणीला विचारलं, "त्या बाईंना न्हाई व्हय बोलावलं?" तेवढ्यात पुन्हा टाळ्या झाल्या.

डॉक्टरबाईंचं नाव मी कुठंच दिलेलं नाही. तुम्हालाही त्यावाचून काही अडलं नाही. नानासाहेबांचं मात्र पाठ झालं असेल.