तात्यांचा पांढरा रुमाल

मढच्या तात्यांकडून अंडी घ्यायची तर आधी परीक्षा द्यावी लागते. गेटातून आत गेलात की ते खिशातून पांढरा रुमाल काढतात, खुराड्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "दांड्याखालसून फिरव आणि काय दिसता ता सांग." भावाचं बोलणं त्यानंतर.

दांडा म्हणजे कोंबड्या रात्री ज्यावर बसतात तो. त्याच्या खालच्या चिरांत एक बारीक किडा असतो, मोहरीहून लहान. दिवसा लपतो, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितो. पोट रिकामं असलं की करडा, भरलं की लाल. रुमाल फिरवला की तो चिरडतो आणि तांबडी रेघ उमटते. रेघ नाही तर खुराडं साफ.

मी अंड्यांच्या धंद्यात मुरलेली बाई. जालन्याहून आले, अंधेरीत कारखान्यांच्या गेटासमोर उकडलेली अंडी विकली, आज माझा स्वतःचा टेम्पो आहे. भावात मला कोणी हरवलेलं नाही. अशा बाईला हा म्हातारा रोज दांड्याखाली वाकवतो! वर, पहिल्याच भेटीत त्यांनी माझे अंड्यांचे रिकामे ट्रे गेटाबाहेर ठेवून त्यांच्यावर कढत पाणी ओतलं होतं. "दुसऱ्यांच्या खुराड्यातलो किडो ट्रेतसून येता," म्हणे. पुठ्ठ्याचे ट्रे ते! गल्लीसमोर त्यांचा लगदा झाला. मी जे तोंड सोडलं ते पलीकडच्या शूटिंगच्या बंगल्यातून लोक बघायला आले. तात्या शांतपणे म्हणाले, "प्लास्टिकचे आण." सॉरी नाही, काही नाही. ते मी विसरलेले नाही.

तरी जाते. कारण एक तर त्यांची अंडी चांगली, आणि दुसरं, हा माणूस पुढे काय करेल याची मला भलती उत्सुकता.

आपल्याकडे मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ना? तात्यांनी दांड्याच्या चारही पायांखाली तेलाच्या वाट्या ठेवल्यात. बेकरीतून भट्टीची राख आणून कोंबड्यांना अंघोळीला देतात आणि कोणी राखेत लोळली नाही तर तिला नाव घेऊन ओरडतात. एकदा शूटिंगवाले गावाच्या सीनसाठी कोंबडा मागायला आले. तात्यांनी विचारलं, "रात्री खंय निजतलो?" तो पोरगा म्हणाला, "अंकल, दो घंटे का काम है." तात्या म्हणाले, "तुझी टोपी झटक आधी." कोंबडा मिळाला नाहीच. टोपी मात्र झटकून घेतली.

हे सगळं हसण्यासारखं असलं तरी तात्यांच्या दृष्टीने ते जिवावरचं होतं. मुलगा सतीश नाहूरला फ्लॅटमध्ये राहतो. मागे एकदा त्याचा छोटा मुलगा इथे राहिला, खुराड्यात खेळला आणि अंगभर लाल पुरळ घेऊन घरी गेला. सतीशने सांगून टाकलं, "बाबा, पुन्हा किडा दिसला तर कोंबड्या विकायच्या आणि तुम्ही नाहूरला यायचं." बायको गेल्यापासून तात्यांना या घरात सोबत ती कोंबड्यांचीच. आणि येत्या रविवारी सतीश स्वतः रुमाल फिरवायला येणार होता.

शनिवारी सकाळी मी गेले तेव्हा घाईत होते. खाडीपलीकडे टेम्पो उभा, परतीची बोट चुकत होती, डोकं तापलेलं. रुमाल दांड्याखालून खसकन ओढला. तांबडी रेघ! एक नाही, तीन-चार. मी काही न बोलता रुमाल त्यांच्या नाकासमोर धरला. म्हटलं, आता बघू कसा भाव चढवतात ते.

तात्यांनी रुमालाकडे नीट पाहिलं. मग हसले.

"बघ गो! साफ! काय म्हटलंय मी?"

मी एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग खुराड्याकडे. किड्यासाठी लावलेल्या चुन्याचे एका फळीवर हातावर हात चढले होते आणि शेजारचा सांधा कोरडा ठणठणीत. इतके दिवस ती रुमालाची परीक्षा मला नुसता विक्षिप्तपणा वाटायची.

"तात्या," मी म्हणाले, "रेघ आहे."

त्यांनी हळूच विचारलं, "जाड आसा?"

"जाड आहे."

"सतीशची आई होती तेव्हा ती सांगी," ते म्हणाले. "आता जो येता तेका इचारतंय."

माझी बोट गेली. कोंबड्या अंगणात सोडल्या आणि दांडा काढला. मी चिरा दाखवायची, ते तारेने खरवडायचे. कढत पाणी, मग चिरा जाळायला ब्लो लॅम्प. तो मी माझ्याच हातात ठेवला. शेवटी प्रत्येक सांध्यात चुना.

"सगळे मरणत नाय," तात्या म्हणाले. "अंडी ऱ्हवतत. आठवड्यान परत करूचा लागतला. पण उद्या गप बसतले."

रविवारी मी मुद्दाम त्याच वेळेला गेले. सतीशने रुमाल फिरवला. पांढरा. पण त्याची शंका वेगळीच होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही रोज येता. बाबांना नीट दिसतं ना?"

तात्या राखेच्या टोपलीशी उभे होते. हात टोपलीतच थांबला.

"दिसतं का विचारता?" मी आवाज चढवला. "तडकलेलं अंडं दिलं म्हणून भाव पाडायला बघते मी, तर एक सापडू देत नाहीत! जरा कमी दिसलं असतं तर माझं कल्याण झालं असतं."

सतीश हसला, चहा पिऊन नाहूरला गेला.

मी लगेच सौद्याला बसले. "तात्या, तुमच्यासाठी खोटं बोलले. ते फुकट नाही. या आठवड्यात माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं. नाही तर मीच सतीशला फोन करते."

"पावसानंतर जावया."

"या आठवड्यात."

"दिवाळीक?"

"तात्या, मला भाव करायला शिकवू नका. मोतीबिंदू असेल, काढतील, स्वच्छ दिसेल. घाबरता कशाला?"

ते खाली वाकले. पायात घोटाळणारी कोंबडी चाचपून उचलली आणि तिच्या पिसांत बोटं फिरवत राहिले.

"माका सगळा दिसाक लागला," ते म्हणाले, "मगे तू आत कित्याक येतलंस? गेटारच अंडी घेवन जातलंस."

मी पदर खोचला आणि त्यांच्या ओट्यावर बसले.

"चहा टाका," मी म्हणाले. "डॉक्टरचं नंतर बोलू."