पाच पायांची मेंढी

खताळ सरांच्या मेंढीला पाच पाय असतात.

मी कोडं घालत नाही. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक मारुती खताळ जेव्हा जेव्हा मेंढी काढतात, तेव्हा तिला पाच पाय काढतात. चार जागच्या जागी आणि पाचवा पोटाच्या मधोमध, जरा आखूड. बरं, माणूस धनगराचा. लहानपण बापाच्या मेंढरांमागे गेलेलं. पोटाला हात लावून मेंढी कधी विणार ते सांगतो, आणि ह्याला तिचे पाय मोजता येऊ नयेत? शिवाय ही मेंढी वहीच्या कोपऱ्यात गप बसलेली नसते. ती झेंड्यावर असते. एका देशाच्या झेंड्यावर, आणि तो देशही असा, की जो कधी झालाच नाही.

हाच त्यांचा छंद. इतिहासात जे घडलं ते घडलं नसतं, तर आपल्या भागात कुठलं राज्य उभं राहिलं असतं ते ठरवायचं आणि मग त्या राज्याचा झेंडा, राजचिन्ह, मोहोर असा सगळा सरंजाम तयार करायचा. नाणेघाटातली जकात बंदच पडली नसती तर घाटमाथ्याचं एक स्वतंत्र राज्य असतं. त्याचा झेंडा निळा आणि मध्ये जकातीचा दगडी रांजण. निजामशाहीची राजधानी जुन्नरहून हललीच नसती तर तिचा झेंडा पांढरा, त्यावर कमान आणि कमानीत बाजरीचं कणीस. तालुक्याच्या टोकाला आणे गावचं कोरडं पठार आहे; त्या आण्याच्या पठारावर मेंढपाळांनी आपलं संघराज्य काढलं असतं तर खाली काळा पट्टा, वर गेरूचा. आणि कमान असो, रांजण असो, कुठेतरी ती पाच पायांची बया उभी.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे ह्या सगळ्याचा मार मलाच बसे. मधल्या सुट्टीत डबा उघडला रे उघडला की शेजारची खुर्ची करकरे.

"सर, आता असं धरा..."

हे त्यांचं पालुपद. 'आता असं धरा' म्हटलं की माझी भाजी थंड होणार हे ठरलेलं. "आता असं धरा, की सातवाहनांचा व्यापार दुसऱ्या घाटानं गेला असता. मग जुन्नर एवढं वाढलं असतं का? शेती कशी झाली असती?"

"खताळ सर, इतिहासात जर-तर नसतं," मी म्हणे.

"नसतं, खरंय. पण धरा की राव! धरायला काय जातंय?"

नऊ वर्षं मी धरतोय.

झेंड्याबद्दल त्यांचा एकच नियम. झेंडा म्हणजे मेंढराच्या पाठीवरची खूण. दोन कळप एकात मिसळले तरी लांबून कळलं पाहिजे, कुणाचं मेंढरू कुठलं. "पोथी वाचल्यासारखा जवळ जाऊन वाचावा लागला तर त्यो झेंडा नव्हं, सर. ती नोटीस झाली." एवढी चांगली समज असलेल्या माणसाने मेंढीला पाचवा पाय का द्यावा, हे मी हरतऱ्हेने विचारून पाहिलं. उत्तर एकच, "त्या राज्यात असत्यात." पुढे कुणी काय बोलणार?

दुसरी खोड म्हणजे वाघ-सिंहांशी वाकडं. मी एकदा म्हणालो, राजचिन्हात सिंह हवाच, बघणाऱ्याला दरारा वाटला पाहिजे. सर म्हणाले, "जनावर दाखवून भ्या घालावं लागतंय, ते राज्य काय कामाचं?" क्रीडास्पर्धांसाठी शाळेचे चार गट पाडले, तेव्हा मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, वाघ, सिंह, गरुड आणि घोडा अशी नावं दिली होती. झेंडे करायचं काम खताळांकडे गेलं आणि परत आले ते बाजरी गट, तरवड गट, अँटेना गट आणि हुलगा गट. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य अँटेना आमच्या पोरांना रोज दिसतात, तेव्हा तो गट खपून गेला. पण हुलगा गटातली पोरं वर्षभर तोंड लपवून हिंडली. "हुलगा गटाचा विजय असो" ही घोषणा आजवर कुणी मोठ्याने दिलेली नाही.

तिसरी गोष्ट चहाची. खताळ सर बिनसाखरेचा चहा घेतात. गूळही नको, पेढाही नको. सगळ्यांनी धरून चाललं, की मधुमेह. मोठ्या सरांनी त्यांना जांभळाच्या बियांची पूड आणून दिली. खताळांनी ती वर्षभर निमूटपणे खाल्ली. "मला काय झालेलं नाय" एवढं एक वाक्य बोलले असते तर पूड वाचली असती, पण ते बोलले नाहीत.

रविवारी हा माणूस एसटी पकडून आण्याच्या पठारावर जाऊन बसतो. तिथे ना नातं ना गोतं. पाणी नाही म्हणून लोक तिथे मुली द्यायला कुरकुरतात आणि ह्यांना तिथे स्वर्ग दिसतो. "तिकडं चारी नाय, सर," असं समाधानाने सांगायचे. चारी म्हणजे कालव्याचा फाटा. ज्या तालुक्यात चारीच्या पाण्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे हे ऐकून मी कपाळाला हात लावला होता.

आता माझा पराक्रम सांगतो. दोन वर्षांपूर्वी शाळेत प्रदर्शन भरलं. बाहेरचे पाहुणे यायचे होते. खताळांनी आण्याच्या संघराज्याचा मोठा कापडी झेंडा टांगला होता, खरोखर देखणा. फक्त ते पाचवं प्रकरण तेवढं मध्ये लोंबत होतं. पाहुणे म्हणतील, ह्या शाळेत मेंढीचे पायसुद्धा मोजता येत नाहीत. मी टेबलाच्या खणातून व्हाइटनर काढला आणि दोन फटकाऱ्यांत पाय गायब केला. कुणाला पत्ता लागला नाही. पाहुणे गेल्यावर खताळ झेंडा उतरवायला आले. त्या पांढऱ्या डागावरून त्यांनी अंगठा फिरवला, झेंडा गुंडाळला आणि तीन दिवस रजेवर गेले. मी म्हटलं, काय हे कलावंतांचे नखरे! तो किस्सा मी शिक्षकखोलीत रंगवून रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसले.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या मागच्या उसात बिबट्या आला. आमच्याकडे ही बातमी नव्हे. बिबट्या येतो, कुत्रं नेतो, पिंजरा लागतो, शेळी रात्रभर ओरडते आणि बिबट्या दुसऱ्या फडात जातो. पण ह्या वेळी पंजे उमटले ते वस्त्यांवरून पोरं शाळेला येतात त्या पायवाटेवर. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. तिथला वनखात्याचा 'सावधान'वाला जुना फ्लेक्स उन्हाने पांढराफटक पडलेला, त्यावर बिबट्याचे फक्त कान उरलेले. वस्तीवरच्या एका बापाने येऊन सांगितलं, "पोरगी गेली तर परत मिळायची न्हाई. शाळा बुडाली तर बुडू द्या." त्याची मुलगी घरी बसली. तिच्यामागून आणखी दोघी.

मोठ्या सरांनी पत्र्याची पाटी आणली, रंग आणले आणि खताळांना म्हणाले, "मोठा बिबट्या काढा. डोळे असे, की पोरं बघूनच सावध झाली पाहिजेत."

"मला नाय जमायचं."

"जमायचं नाही म्हणजे?"

"बिबट्या काढत नाय मी."

चार दिवस पाटी कोरी राहिली. मग मोठ्या सरांनी मला पिटाळलं. रविवारी दुपारी मी खोडदच्या रस्त्यावर त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो, तो मुळात भांडायच्या तयारीनेच. खोलीत एक खाट, एक ट्रंक, एक खिडकी आणि खिडकीत आभाळाकडे तोंड करून बसलेली एक अँटेना. मी बसायच्या आधीच सुरू झालो. "जे देश नाहीत त्यांना झेंडे देता, आणि जी पोरं आहेत त्यांना एक पाटी देत नाही? तिघींची शाळा सुटली, खताळ. तुमच्या हट्टापायी."

त्यांनी चहा केला. मी साखर मागितली.

"घरात नसती," ते म्हणाले.

मग त्यांनी ट्रंक उघडली. आत वह्या होत्या. सर्वांत खालची काढून त्यांनी माझ्या हातात दिली. जुनी चित्रकलेची वही. वर पोरकट अक्षरात नाव होतं, 'कु. मंजुळा मारुती खताळ, इयत्ता तिसरी'. आत रंगीत खडूने झेंडा काढला होता. खाली लिहिलं होतं, 'आमच्या वस्तीचा झेंडा'. झेंड्यावर मेंढी होती. तिला पाच पाय होते.

"पोरगी माझी," खताळ म्हणाले. "पुस्तकात सगळ्या देशांचे झेंडे हायेत, मग आपल्या वस्तीचा का नाय, म्हणून रुसली व्हती. मग काढला. मी म्हणलं, पाचवा पाय कशाला गं? तर म्हणली, दमल्यावर टेकायला. बैलगाडीला नसतो का टेकू?"

मी वही मिटू शकलो नाही.

"आमची वस्ती आंबेगावात, मंचरच्या अलीकडं. चारी आली तवा नारळ आमीच फोडला. समद्यांनी ऊस लावला. बापानं मात्र मेंढरं सोडली न्हाईत. सांजच्याला जाळीच्या आत घेताना मोजायची, ही आमची रीत. त्या दिवशी एक कमी भरलं. म्हणून परत मोजली. मग बरोबर भरली. पोरगी माझ्या मागंच हुबी व्हती, उसाच्या कडंला." त्यांनी कप खाली ठेवला. "मेंढरं दोनदा मोजली, सर. तिला मोजायची राहिली."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. 

"चारी नसती तर ऊस नसता," ते म्हणाले. "ऊस नसता तर ते जनावर कुठं लपलं असतं? मग बघत बसलो, चारी कशी येणार नाय ते. धरण कुणाला सुचलं नसतं तर? त्याच्या आधीचं राज्य येगळं असतं तर? मागं मागं गेलो, पार नाणेघाटापतुर. कुठंतरी दुसरी वाट फुटत असंल ना, सर? तुमी इतिहास शिकवता."

जर-तर नसतं, हे वाक्य मी त्यांना नऊ वर्षं ऐकवलं होतं. त्या दुपारी म्हणालो, "असेल."

त्यांच्या हाताच्या अकरा वह्या होत्या. मंजुळा गेल्यापासून दरवर्षी एक. मी चाळत गेलो. रांजणाचं राज्य, कमानीचं राज्य, पठाराचं राज्य. बाजरी, हुलगा, तरवड. एकाही देशात ऊस नव्हता, एकाही झेंड्यावर नखं असलेलं जनावर नव्हतं. आणि प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर, राजधानी आणि मुख्य पीक लिहून झाल्यावर, खाली एक ओळ होती. 'मंजुळा, इयत्ता चौथी.' पुढच्या वहीत, 'इयत्ता पाचवी'. अकराव्या वहीत लिहिलं होतं, 'मंजुळा, कॉलेज, दुसरं वर्ष'.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. म्हणालो, "खताळ सर, प्रदर्शनात तो पाय मीच पुसला होता."

"म्हाईत हाय. तुमच्या बोटाला पांढरं लागलं व्हतं." ते पहिल्यांदाच जरा हसले. "तीन दिवस बसून नखानं खरवडला. खाली तसाच व्हता."

पाटीचा विषय मी पुन्हा काढला नाही. सोमवारी ते शाळेत आले नाहीत. मंगळवारी सकाळी बघतो तर पायवाटेच्या तोंडाशी पाटी उभी. तिच्यावर बिबट्या नव्हताच. काळ्या आणि गेरूच्या पट्ट्यांवर ऐसपैस पाच पायांची मेंढी होती आणि खाली ठळक अक्षरं:

'इथून पुढं ऊस. थांबा. मेंढीचे पाय मोजा. मग एकमेकांना मोजा. सगळे भरले तरच चला.'

मोठे सर लालबुंद झाले. "बिबट्या कुठाय? ही काय थट्टा आहे?" पण पोरं थांबत होती. चार पाय की पाच, यावर रोज नव्याने भांडण होई, तोवर मागे राहिलेलं शेवटचं पोर धापा टाकत येऊन पोहोचे. मग सगळ्यांची मोजणी आणि मग उसातून घोळका निघे तो एवढा गलका करत, की जनावर असलंच तर त्याने कानावर पंजे ठेवले असते. आठवड्याने तो वस्तीवरचा बाप आला. पाटीसमोर उभा राहिला, बोट नाचवत मेंढीचे पाय मोजले, पुन्हा मोजले. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी शाळेत होती. मोठे सर पाटीबद्दल बोलायचे थांबले.

संध्याकाळी शाळा सुटली की खताळ सर पाटीपाशी जाऊन उभे राहतात. हल्ली मीही जातो. परवा पहिलीतली एक चिमुरडी पाटीपाशी अडून बसली.

"सर, हिला एक पाय जास्त हाय."

"दमल्यावर टेकायला असतोय त्यो," खताळ म्हणाले.

तिने जरा विचार केला, मान हलवली आणि घोळक्यात शिरली. सरांनी पोरं मोजली. मग परत पहिल्यापासून मोजली. आवाज पार वस्तीपर्यंत पोहोचून विरला, तरी ते उसाकडे बघत उभेच होते.

"भरली का?" मी विचारलं.

"ह्यांची भरली," ते म्हणाले.

मग आम्ही परत निघालो. चालताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. दमले होते.