शनिवारचं तेल

निघायच्या दिवशी उदयसिंहने क्लच दाबला, तो खाली गेला आणि तिथेच बसला. पायाने उचलून पाहिला, हाताने ओढून पाहिला, शेवटी चपलेने ठोकून पाहिला. पण क्लच काही वर येईना. शेजारच्या सीटवर बायको शिवांजली चटणीचे डबे मांडीवर घेऊन बसली होती.

"उतरू का?" तिने विचारलं.

"थांब जरा."

"आवं, थांबलोयच की आपन."

उदयसिंहचं गाव विट्याजवळ. या भागातली निम्मी घरं गलाईवर चालतात. परमुलखात दुकान टाकायचं, सोनं वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. उदयसिंहचं दुकान कोइमतूरला. वर्षभर भट्टीपुढे भाजून घ्यायचं आणि जत्रेला मोटार घेऊन गावी यायचं, ही इथली रीत. जत्रेत देवाच्या पाया पडणारे कमी आणि देवळापुढच्या गाड्या न्याहाळणारे जास्त. यंदा सगळ्यांची तोंडं बंद करायची म्हणून उदयसिंहने एका बिल्डरची जुनी स्पोर्ट्स कार उचलली. लालभडक, जमिनीला टेकलेली, आणि दोनच सीटांची.

आल्या दिवशी त्याच्या आईने, बनुबाईने, गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आत वाकून पाहिलं.

"मागं बसायला कुटनं जायचं रं?"

"मागं काय न्हाई आई. ही दोघांचीच असती."

"व्हय का," म्हणून ती पाय धुवायचं पाणी आणायला आत गेली.

बनुबाईचा नवरा नाथाजी गेल्या वर्षी गेला. उदयसिंह कोइमतूरहून पोचला तेव्हा राख सावडायची वेळ झाली होती. तेव्हापासून म्हातारी एकटी. एका भाकरीसाठी तवा तापवायचा कंटाळा येतो, म्हणून बऱ्याचदा ती चहात चपाती बुडवून झोपते. हे तिने पोराला कधी सांगितलं नाही आणि पोराने कधी विचारलं नाही. फोनवर तो विचारायचा, "बरं हाय न्हवं?" आणि ती म्हणायची, "बरं हाय." एवढ्यावर फोन संपायचा.

तर क्लच बसला, आणि विट्याहून रिजवान मिस्त्रीला बोलावलं. रिजवानने असली गाडी मोबाइलमध्येच पाहिली होती, पण तसं कबूल करणारा तो नव्हता. त्याने बॉनेट उघडलं आणि जुन्या ओळखीचा माणूस भेटावा तशी मान डोलवली.

"स्लेव्ह सिलेंडर गेला, दादा. क्लच दाबला की तेल ह्याला ढकलतंय, आन ह्यो क्लच सोडवतोय. आता तेलच गळतंय."

"मग बदल की."

"बदलतो. पर ह्यो बसलाय गिअरबॉक्साच्या पोटात. आदी गिअरबॉक्स खाली घ्यायचा. आन माल मुंबईहून येनार."

चार दिवसांचा मुक्काम पंधरवड्यावर गेला. गाडीखाली विटा रचल्या, गिअरबॉक्स अंगणात आला. गल्लीतले लोक येऊन त्याच्याकडे बघून हळहळू लागले. लालासाहेब पाटील तर टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "लय लवकर गेली." गाडीपुढे जत्रेत जेवढी गर्दी जमली नव्हती तेवढी आता जमत होती. चहा मात्र बनुबाईला करावा लागत होता आणि ती तो न कंटाळता करत होती.

नवा सिलेंडर बसला. रिजवानने बॉनेटखालची छोटी डबी भरून झाकण फिरवलं आणि बोट नाचवलं.

"दादा, ह्या डबीत ब्रेक ऑइलच पायजे. दुसरं कसलं तेल पडलं तर आतलं रबर फुगतं. मग गाडी जागची हलायची न्हाई."

"कोन घालतंय दुसरं?" उदयसिंह म्हणाला.

"साखर बरी हाय का रं चहात?" बनुबाईने विचारलं.

रविवारी पहाटे निघायचं ठरलं. डबे मांडीवर आले. उदयसिंहने क्लच दाबला. तो खाली गेला आणि तिथेच बसला.

आता रिजवानची पाळी. त्याने कंपनीला शिव्या घातल्या, मुंबईवाल्याला घातल्या, रस्त्याला घातल्या. गिअरबॉक्स पुन्हा खाली आला, पुन्हा नवा माल मागवला. तोही बसवला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. रिजवानने फुगलेलं रबर हातात धरून उलटसुलट करून पाहिलं.

"दादा, डबीत ब्रेक ऑइल मी माज्या हातानं भरलंय. अल्लाची शपत घिऊन सांगतो, ही गाडी बाधलेली हाय."

उदयसिंहची झोप उडाली. दुकानाची भट्टी थंड पडली होती, गिऱ्हाइकं शेजारच्या गलाईवाल्याकडे वळली होती. घरात मात्र वेगळंच चाललं होतं. बनुबाई रोज कसलंतरी कालवण करत होती, सुनेला जुन्या गोष्टी सांगत होती. तव्यावर भाकरीमागून भाकरी पडत होती. शिवांजलीने एकदा म्हटलंही, "आत्यांच्या तोंडावर किती कळा आली बघा." उदयसिंहने पाहिलं नाही. तो मुंबईला फोन लावत होता.

रिजवानने आणखी एक सिलेंडर बसवला आणि शनिवार आला. बनुबाई नेमाप्रमाणे तेलाची वाटी घेऊन मारुतीला गेली. उदयसिंह सोप्यात खांबाआड टेकून बसला होता. ती परतली, वाटीत तळाला तेल उरलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, गाडीचं दार उघडून आतली कळ ओढली, बॉनेट वर केलं, छोट्या डबीचं झाकण फिरवलं आणि देवाच्या मस्तकावर सोडावी तशी बारीक धार आत सोडली. घाण्याच्या शेंगतेलाचा वास सोप्यापर्यंत आला. गुंजभर सोन्यातली भेसळ नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या उदयसिंहला दोन आठवडे आपल्याच गाडीतली भेसळ कळली नव्हती.

"आई!"

बनुबाई दचकली, पण झाकण नीट लावूनच वळली.

"रिजवान काय म्हनला हुता, ऐकलं न्हवतंस?"

"ऐकलं हुतं की. म्हनून तर घातलं."

"असं कुनी करतंय व्हय गं?"

"मारुतीला इतकी वर्सं तेल घालतीया," ती पदराने वाटी पुसत म्हणाली, "हाय का कुटं गेला? बसलाय जागंवर."

उदयसिंहला राग आला. उठून त्याने बॉनेट धाडकन बंद केलं. त्याने रिजवानला काही सांगितलं नाही. फोन करून एवढंच म्हणाला, "गाडी राहू दे आता. पुढच्या जत्रंला बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने बॅगा उचलल्या. दुकान वाट बघत होतं. मिरजेहून रेल्वे, तिथवर एसटी. बनुबाई स्टँडवर आली, डब्यांची पिशवी घेऊन. ती सुनेच्या हातात देताना एकदाच बोलली.

"चुकलंच माजं. गाडी थांबली, पर तू कुटं थांबलास?"

उदयसिंह वाकून पाया पडला. एसटी सुरू झाली होती. आत निम्म्याहून जास्त बाकं मोकळी होती. तो खिडकीशी बसला. शिवांजलीने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं. तो बॅगेची चेन उघडझाप करत राहिला.

दारातल्या कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला आणि म्हातारीला हाक मारली.

"आजी, येनार काय? चला, जागा लय हाय!"

बनुबाईने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून कुणी काही म्हणालं नाही.

"न्हाई रं बाबा," ती म्हणाली, "घरी गाडी हाय आमची."